टोकियोच्या समुद्रात बुडविलेला सायक्लोट्रॉन

१/
२४ नोव्हेंबर १९४५. टोकियोतील ‘रिकेन’ या संशोधनसंस्थेच्या आवारात अमेरिकन सैनिकांची तुकडी शिरली. पोलाद कापण्याची सामग्री त्यांनी बरोबर आणली होती. पुढील काही दिवसांत तेथील दोन अवजड यंत्रांचे तुकडे करण्यात आले आणि ते टोकियोच्या उपसागरात नेऊन बुडविण्यात आले. ओसाका व क्योतो येथील विद्यापीठांतही याच सुमारास तेच घडले. ही यंत्रे तोफा नव्हती, रणगाडेही नव्हते. ते सायक्लोट्रॉन होते. युद्ध संपून तेव्हा तीन महिने उलटले होते.

२/
ही घटना बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या कथेत सूडाने पेटलेला विजेता निष्पाप विज्ञानाचा बळी घेतो. दुसऱ्या कथेत एका कार्यालयात कागदांची गफलत होते आणि तिच्यापायी यंत्रे जातात. दोन्ही कथांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुऱ्या आहेत. यंत्रे बुडाली याचे खरे कारण असे की, हुकूम निघाल्यापासून पोलाद कापले जाईपर्यंत, हे यंत्र नेमके काय करते हा प्रश्न ते जाणणाऱ्या कोणालाही विचारला गेला नाही. या थ्रेडमध्ये तोच मुद्दा मांडला आहे. त्यासाठी आधी यंत्र समजून घ्यावे लागेल.

३/
अणूच्या गाभ्यात काय दडले आहे हे पाहायचे तर त्यावर वेगवान कणांचा मारा करावा लागतो. १९२० च्या दशकापर्यंत असे कण रेडियमसारख्या किरणोत्सारी पदार्थांतून मिळत. ते थोडे असत आणि त्यांचा वेग माणसाच्या हाती नसे. प्रयोगशाळेत कण वेगवान करायचे तर लाखो व्होल्टचा विद्युतदाब हवा. एवढ्या दाबाला ठिणग्या उडत, काचेच्या नळ्या तडकत. प्रचंड दाब एकदाच देण्याऐवजी लहान दाब पुन्हा पुन्हा देता येईल काय, हा त्या काळचा प्रश्न होता.

४/
नॉर्वेचे अभियंते रॉल्फ विडेरो यांनी एका रेषेत मांडलेल्या नळ्यांतून कणांना टप्प्याटप्प्याने धक्के देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या वाचनात तो लेख आला. सरळ रेषेत जायचे तर नळी फार लांब होणार. मग कणाला वळवून पुन्हा त्याच फटीपाशी आणले तर? वळविण्याचे काम चुंबक करू शकतो. सायक्लोट्रॉनची सारी कल्पना एवढ्यातच सामावलेली आहे.

५/
ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे राखणारा राखणदार डोळ्यांपुढे आणावा. गोफणीची दोरी दगडाला वर्तुळात धरून ठेवते, हाताचा प्रत्येक झटका त्याचा वेग वाढवितो आणि नेमक्या क्षणी एक टोक सुटताच दगड भिरभिरत जातो. सायक्लोट्रॉनमध्ये दोरीचे काम चुंबकीय क्षेत्र करते आणि हाताचे काम विद्युतदाब. फरक इतकाच की गोफणीची दोरी एकाच लांबीची असते; येथे मात्र कणाचा वेग वाढतो तसे त्याचे वर्तुळ रुंदावत जाते आणि त्याचा मार्ग चकलीसारखा बाहेर उलगडतो.

६/
यंत्राची रचना अशी. मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक चपटी, निर्वात केलेली पेटी. तिच्यात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे, आतून पोकळ असे धातूचे दोन अर्धगोल समोरासमोर, मध्ये थोडी फट. मध्यभागी आयन सोडले जातात. फट ओलांडताना आयनाला धक्का बसतो, अर्धगोलाच्या पोकळीत तो अर्धी फेरी मारतो आणि पुन्हा फटीपाशी येतो. तेवढ्यात विद्युतदाबाची दिशा उलटलेली असते. म्हणून पुन्हा धक्का पुढेच बसतो. हे सेकंदाला लक्षावधी वेळा घडते.

७/
यातली खरी किमया वेळेची आहे. वेग दुप्पट झाला की वर्तुळही दुप्पट मोठे होते. म्हणून हळू कण आणि वेगवान कण दोघांनाही एका फेरीला सारखाच वेळ लागतो. त्यामुळे विद्युतदाब एकाच ठरावीक लयीत उलटसुलट करीत राहिले की पुरते. प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेल्यावर ही लय बिघडते. त्यावर १९४५ च्या सुमारास व्लादिमिर वेक्स्लर आणि एडविन मॅकमिलन यांनी स्वतंत्रपणे उपाय शोधला. जिनिव्हाजवळचा २७ किलोमीटर परिघाचा त्वरक याच वंशातला आहे.

८/
जानेवारी १९३१ मध्ये लॉरेन्स आणि त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांच्या पहिल्या यशस्वी सायक्लोट्रॉनचा व्यास होता जेमतेम ११ सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. सुमारे १,८०० व्होल्टच्या दाबाने त्यात आयनांना ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. म्हणजे प्रत्येक आयनाने ती फट चाळिसाहून अधिक वेळा ओलांडली होती. पुढल्या वर्षी ऊर्जा दहा लाखांच्या पुढे गेली. १९३९ मध्ये ६० इंची यंत्र उभे राहिले आणि त्याच वर्षी लॉरेन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

९/
त्या वेळचे बर्कले मोकळ्या दरवाजांचे होते. आराखडे आणि मापे मागणाऱ्याला मिळत. यंत्रातल्या त्रुटीही मोकळेपणाने सांगितल्या जात. तिथे येऊन शिकणाऱ्यांत रिकेनचे र्योकिची सागाने होते. रिकेनमधील अणुसंशोधनाचे प्रमुख योशिओ निशिना हे स्वतः १९२० च्या दशकात कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे काही वर्षे राहिलेले; क्लाइन-निशिना सूत्रातील निशिना ते हेच. १९३७ मध्ये त्यांनी टोकियोत २६ इंची सायक्लोट्रॉन चालू केला. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या सायक्लोट्रॉनांत त्याची गणना होते.

१०/
त्या लहान यंत्राने काय केले? किरणोत्सारी सोडियम आणि फॉस्फरस तयार करून सजीवांच्या शरीरात त्यांचा माग काढला. १९४० मध्ये निशिना आणि रसायनशास्त्रज्ञ केन्जिरो किमुरा यांनी युरेनियम-२३७ हे नवे समस्थानिक शोधले. दरम्यान ६० इंची मोठ्या यंत्राची उभारणी सुरू झाली होती. २०० टनांहून जड असा त्याचा चुंबक लॉरेन्स यांच्या साहाय्याने बर्कलेच्या यंत्राच्या धर्तीवर मिळविलेला होता. पुढे युद्धाचे ढग दाटले आणि बर्कलेचा मोकळेपणा आटला. अडचणींतून वाट काढीत हे यंत्र १९४४ मध्ये चालू झाले.

११/
आता कथेचा अवघड भाग. निशिना केवळ शुद्ध विज्ञानाचे उपासक होते असे सांगणे सोयीचे आहे, पण खरे नाही. जपानी लष्करासाठी युरेनियम-२३५ वेगळे करण्याचा ‘नि-गो’ प्रकल्प त्यांच्याच नेतृत्वाखाली रिकेनमध्ये चालला. ‘नि’ हे त्यांच्याच नावाचे आद्याक्षर. वेगळे केलेले नमुने तपासण्यासाठी सायक्लोट्रॉन वापरण्याची योजना होती. क्योतोत बुनसाकु आराकात्सु यांच्याकडे नौदलाचे असेच काम होते. रिकेनमधील प्रयत्नाला म्हणावे असे यश आले नाही आणि एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्याची इमारत जळाली. सायक्लोट्रॉन मात्र वाचले.

१२/
तेव्हा विजेत्याची भीती अगदीच निराधार नव्हती. मग प्रश्न उरतो तो यंत्राचा. सायक्लोट्रॉनने बॉम्ब बनविता येतो काय? साधे गणित करून पाहावे. १०० मायक्रोअँपिअरच्या झोतात सेकंदाला सुमारे ६०० लाख कोटी कण असतात. प्रत्येक कण एका अणूचे प्लुटोनियम करतो असे मानले, तरी १ ग्रॅम प्लुटोनियमला सुमारे दीड महिना लागेल. नागासाकीच्या बॉम्बमध्ये सुमारे ६ किलोग्रॅम प्लुटोनियम होते. म्हणजे एका यंत्राला साडेसातशेहून अधिक वर्षे.

१३/
हे गृहीतही फार उदार आहे, कारण बहुसंख्य कण कोणत्याही अणुगर्भाला न धडकताच थांबतात. १९४२ मध्ये अमेरिकेत सायक्लोट्रॉनच्या दीर्घ माऱ्यातून मिळविलेल्या प्लुटोनियमचे संयुग प्रथमच तराजूवर तोलले गेले, तेव्हा त्याचे वजन भरले २.७७ मायक्रोग्रॅम. नागासाकीच्या बॉम्बचे प्लुटोनियम हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांतून आले होते. अणुगर्भाचे गुणधर्म मोजण्यासाठी सायक्लोट्रॉन अमोल. बॉम्बचा माल पुरविण्यासाठी निरुपयोगी. ही गोष्ट बॉम्ब बनविणाऱ्या अमेरिकेइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

१४/
यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हिरोशिमाच्या बॉम्बसाठी युरेनियम वेगळे करणारे ‘कॅलुट्रॉन’ सायक्लोट्रॉनमधूनच जन्मले नव्हते काय? जन्मले होते, ‘कॅलिफोर्निया’ आणि ‘सायक्लोट्रॉन’ यांवरूनच ते नाव पडले आणि ते लॉरेन्स यांचेच काम. पण कॅलुट्रॉनमध्ये कण एकच अर्धवर्तुळ काढतात आणि वजनानुसार वेगळे होतात. त्यांना फेऱ्या घालून वेग दिला जात नाही. शिवाय ओक रिज येथे अशी हजाराहून अधिक एकके उभारावी लागली आणि त्यांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातली हजारो टन चांदी उसनी घ्यावी लागली. उद्ध्वस्त टोकियोतील दोन यंत्रे त्या पंगतीत बसत नाहीत.

१५/
शत्रुत्वाच्या काळातही माणसे एकमेकांना विसरली नव्हती. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्बबरोबर मापनयंत्रांच्या नळकांड्याही पॅराशूटने सोडल्या गेल्या. त्यांना एक पत्र जोडलेले होते. ते लिहिले होते लुई अल्वारेझ, फिलिप मॉरिसन आणि रॉबर्ट सर्बर यांनी, बर्कलेतील आपले जुने सहकारी सागाने यांना उद्देशून. अणुबॉम्ब म्हणजे काय हे आपल्या नेत्यांना समजावून सांगा, अशी विनंती त्यात होती. आदल्याच दिवशी निशिना हिरोशिमाला पोहोचले होते आणि हा अणुबॉम्बच असल्याची खात्री त्यांनी सरकारला दिली होती.

१६/
शरणागतीनंतर निशिना यांनी ताबा-प्रशासनाकडे अर्ज केला. सायक्लोट्रॉन जीवशास्त्र, वैद्यक अशा शांततेच्या संशोधनासाठी चालवू द्यावा, एवढीच मागणी. अमेरिकन शास्त्रज्ञ जपानमध्ये येऊन प्रयोगशाळा पाहून गेले होते. परवानगी मिळालीही, आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेण्यात आली. पुढे वॉशिंग्टनहून युद्धमंत्री रॉबर्ट पॅटरसन यांच्या नावाने हुकूम आला: सायक्लोट्रॉन नष्ट करा. निशिना यांनी सैनिकांपुढे विनवण्या केल्या. हुकूम तो हुकूम. तुकडे होत असतानाची छायाचित्रे अमेरिकन नियतकालिकांत छापून आली.

१७/
ती पाहून अमेरिकेतच संतापाची लाट उठली. ओक रिजच्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे बॉम्बसाठी राबलेल्या माणसांनी, या कृत्याला मानवजातीविरुद्धचा गुन्हा ठरविले. डिसेंबरमध्ये पॅटरसन यांनी चूक मान्य केली: हुकूम त्यांच्या नावाने गेला, पण त्यांच्या नजरेखालून गेला नव्हता. त्याचा मसुदा अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांच्या कार्यालयात तयार झाला होता. ग्रोव्ह्ज यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ही चूक नोंदविली आहे.

१८/
‘गफलत झाली’ हे स्पष्टीकरण येथे संपते, आणि नेमके येथेच ते तोकडे पडते. गफलत एका कागदावर होऊ शकते. पण तो कागद वॉशिंग्टनहून टोकियोला गेला, टोकियोहून तीन शहरांत गेला आणि शेवटी पोलाद कापणाऱ्यांच्या हाती आला. वाटेत ज्यांना हे यंत्र ठाऊक होते अशी माणसे विजेत्यांकडेच होती. त्यांना विचारण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण ‘अणु’ या शब्दापुढे तपशील क्षुल्लक ठरला होता. ही चूक एका अधिकाऱ्याची नव्हे. तज्ज्ञाला न विचारता हुकूम पुढे ढकलण्याच्या रीतीची आहे.

१९/
याच युद्धातले उलट उदाहरणही आहे. १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतले तेव्हा तेथे फ्रेदेरिक जोलिओ यांचा सायक्लोट्रॉन अपुरा उभा होता. तो उचलून जर्मनीला नेता आला असता. त्या कामी आलेले जर्मन पदार्थवैज्ञानिक वोल्फगांग गेंटनर हे पूर्वी जोलिओ यांच्याच प्रयोगशाळेत राहिलेले. यंत्र जागेवरच राहिले आणि पूर्णही झाले. नाझी राजवट विज्ञानाची कैवारी होती असा याचा अर्थ मुळीच नाही. निर्णयाच्या जागी यंत्र ओळखणारा माणूस होता, एवढाच याचा अर्थ.

२०/
कोलकात्याची कथा याच काळातली. मेघनाद साहा यांचे शिष्य वासंतीदुलाल नागचौधुरी बर्कलेला लॉरेन्स यांच्याकडे शिकले आणि सायक्लोट्रॉनचे सुटे भाग भारतात आणण्याची व्यवस्था झाली. निर्वात पंपांची खेप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले आणि यंत्र वर्षानुवर्षे रखडले. एक यंत्र युद्धाने बुडविले, दुसरे युद्धानंतर माणसांनी मुद्दाम. पहिल्याला दुर्दैव म्हणता येते. दुसऱ्याला तो शब्द लावणे म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना सोडून देणे होय.

२१/
काय बुडाले याची मोजदाद करायची तर सायक्लोट्रॉनने अन्यत्र काय दिले ते पाहावे. १९३७ मध्ये बर्कलेच्या यंत्रातील मॉलिब्डेनमच्या एका पट्टीतून पालेर्मो येथे टेक्निशियम हे मूलद्रव्य सापडले. त्याचेच एक समस्थानिक आज जगभर रोगनिदानासाठी वापरतात. १९४० मध्ये मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी बर्कलेतच कार्बन-१४ शोधला. प्राचीन वस्तूंचे वय सांगणारी विलर्ड लिबी यांची पद्धत त्यावरच उभी आहे. १९७७ नंतर त्वरकांच्या साहाय्याने कार्बन-१४ चे अणू थेट मोजता येऊ लागले आणि नमुना काही मिलिग्रॅमचा असला तरी भागू लागले. उत्खननातल्या जळक्या दाण्याची तारीख वाचणारा प्रत्येक इतिहासप्रेमी या यंत्राचा ऋणी आहे.

२२/
मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून वैद्यकीय सायक्लोट्रॉन चालतो. पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरिन-१८ त्यात बनते. ते दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणून साठवून ठेवता येत नाही. यंत्र जवळपासच असावे लागते. नवी मुंबईतील खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात कर्करोगावर प्रोटॉनांचे उपचार होतात. ही कल्पना १९४६ मध्ये मांडणारे रॉबर्ट विल्सन हे लॉरेन्स यांचे शिष्य. अणुबॉम्बच्या प्रकल्पातही ते होते. एकाच माणसाच्या हातून दोन्ही कामे होतात, तेव्हा यंत्राला एकच शिक्का मारणे किती फोल आहे ते कळते.

२३/
निशिना यांना आपले यंत्र पुन्हा पाहता आले नाही. १९५० मध्ये अमेरिकेने संशोधनासाठी पाठविलेली किरणोत्सारी समस्थानिके त्यांच्याकडे पोहोचली. जे पदार्थ त्यांच्या स्वतःच्या यंत्रात बनू शकले असते, ते समुद्रापलीकडून भेट म्हणून यावे लागले. जानेवारी १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लॉरेन्स जपानला गेले आणि नवा सायक्लोट्रॉन उभारण्यास त्यांनी प्रोत्साहन दिले. १९५२ मध्ये तो उभा राहिला, पहिल्या यंत्राएवढाच, २६ इंची. पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्थानकावर आली होती.

२४/
निशिना यांच्या नावाच्या रिकेनमधील केंद्रात आज ८,३०० टनांचा अतिवाहक वलय-सायक्लोट्रॉन आहे. तेथीलच रेषीय त्वरकात जस्ताचे कण बिस्मथवर नऊ वर्षे आदळवून कोसुके मोरिता यांच्या गटाने ११३ व्या मूलद्रव्याचे मोजून तीन अणू मिळविले. २०१६ मध्ये त्याचे नाव ठरले निहोनियम. जपानने ती उंची गाठलीच, मग तक्रार कशाची, असे विचारले जाते. पण जे पुढे घडले ते मधली वर्षे परत देत नाही. निशिना यांच्या हाताखाली त्या यंत्रावर घडू शकली असती ती पिढीही देत नाही.

२५/
गोफणीने पाखरे राखतात आणि लढाईत डोकीही फोडतात. म्हणून गोफण सापडली की ती जाळायची, की हाती कोणाच्या आहे आणि रोख कुठे आहे ते पाहायचे? दुसरा मार्ग कष्टाचा आहे. त्यासाठी वस्तू समजून घ्यावी लागते. निशिना यांच्यावर देखरेख ठेवता आली असती, प्रयोगांवर अटी घालता आल्या असत्या, नोंदवह्या तपासता आल्या असत्या. जिंकलेल्या सैन्याला यातले काहीच अवघड नव्हते. १९४५ च्या नोव्हेंबरात सोपा मार्ग निवडला गेला. इतिहास वाचणाऱ्यांनी या घटनेला ‘गफलत’ म्हणून मिटवू नये. तो हुकूम किती हातांतून गेला आणि त्यांतल्या एकानेही प्रश्न का विचारला नाही, हे विचारावे.

(समाप्त)